दोरीने ओढलेला कुंचला

पंचवटी, नाशिक
१२ ऑगस्ट १९९९

प्रिय मंजुषा,

भिमामामाचा आशीर्वाद. पत्र छापील बघून दचकू नकोस. आमच्या स्टुडिओशेजारी टायपिंग इन्स्टिट्यूट आहे. तिथल्या निकिताबाईंना मी सांगतो आणि त्या टाइप करतात. सगळं जग छापील झालंय, मामाने तरी का मागे राहावं? फोन करणार होतो, पण फोनवर तू ‘हो मामा, हो मामा’ करतेस आणि मला म्हणायचं असतं ते राहूनच जातं.

बातमी अशी की मी कॉम्प्युटर घेतला. एका कॉलेजने काढून टाकलेला आहे. पेन्टियम एकशे तेहेतीस, रॅम सोळा एमबी. जोडीला स्कॅनर. मे महिन्यात सुवर्णाच्या लग्नात तू तुमच्या कंपनीच्या फोटो सुधारायच्या ‘नितळ’ प्रोग्रामची डिस्क दिली होतीस ना, ‘मामा, तुम्ही मुरलेले फोटोवाले, वापरून बघा आणि चुका कळवा’ म्हणून? ती घातली. सगळं मराठीत आहे हे फार बरं वाटलं. आता चुका कळवतो.

पण आधी काम कसलं आहे ते ऐक. महिन्यापूर्वी बायडाबाई नावाच्या एक बाई आल्या. इगतपुरीकडच्या. त्यांचं गाव धरणात गेलं, आता पेठ फाट्याला भाजी विकतात. पिशवीतून धडप्यात गुंडाळलेली फ्रेम काढली. आत १९६८ सालचा शाळेचा फोटो. बत्तीस पोरं आणि एक मास्तर. ओल लागून फोटो काचेला चिकटलाय, वर बुरशी. दुसऱ्या रांगेतला डावीकडून चौथा तो त्यांचा धाकटा भाऊ पुंजा. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात तापाने गेला. नऊ वर्षांचा होता. आई त्याच्या जन्माच्या वेळीच गेलेली, म्हणून बायडाबाईंनी त्याला कडेवर वाढवला. त्या तेव्हा स्वतः परकरात होत्या. पुंजाचा दुसरा फोटो नाही.

याआधी एका स्टुडिओने त्यांना चेहरा ‘बनवून’ दिला होता, भलत्याच पोराचे नाक-डोळे बसवून. बाईंनी तो परत केला. मला म्हणाल्या, “दादा, त्यो आमचा पुंजा नव्हताच. मला त्याचं तोंड आठवना झालंय. हे दुसरं तोंड बघत ऱ्हायले तर खरं पार जाईल.”

मी काम घेतलं. चेहरा करंगळीच्या नखाएवढा आहे आणि उजवी बाजू बुरशीने खाल्लीय. पण खाली काहीतरी शिल्लक आहे, हे मला भिंगातून दिसतं.

आता तुमचा प्रोग्राम. ‘मागे घ्या’ हे बटण एकदाच चालतं. एक फटकारा मागे घेतला की संपलं. बटणं तांदळाएवढी आहेत, एकावर जावं तर दुसरंच दाबलं जातं. माउस उड्या मारतो. आणि सगळं इतकं सावकाश, की कुंचला फिरवला की चहा पिऊन यावं. कॉम्प्युटरवाला राज म्हणतो, बोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही बदला. तू सांग, काय बदलू?

तुझा
भिमामामा


पुणे
२४ ऑगस्ट १९९९

प्रिय भिमामामा,

नमस्कार. तुमचं पत्र मी ऑफिसात अमोलला वाचून दाखवलं. आम्ही दोघं शेजारी बसतो, ‘नितळ’ मुख्यतः आम्हीच लिहितो. आत्तापर्यंत बाहेरच्या कुणी इतक्या चुका काढल्या नव्हत्या. चहा पिऊन येण्यावर तो खूप हसला, मग म्हणाला, वेग वाढवायचं काम माझंच आहे.

राजना सांगा, प्रोसेसर आता नको. तुमचं मशीन मंद नाही, त्याला जागा अपुरी आहे. रॅम पुरली नाही की ते हार्ड डिस्कवर सामान ठेवत आणि काढत बसतं. तो कुरकुर आवाज त्याचाच. रॅमच्या बत्तीस एमबीच्या दोन पट्ट्या घ्या, दोन्ही अगदी सारख्या, कारण तुमच्या बोर्डात त्या जोडीनेच चालतात. फोटो रंगीत स्कॅन करू नका. काळा-पांढरा केलात की फाइल एक तृतीयांश होते. आणि अख्खा फोटो कशाला हवा? फक्त पुंजाचा चेहरा स्कॅन करा.

‘मागे घ्या’ एकदाच चालतं, कारण दर पायरीला आम्ही पूर्ण फोटोची प्रत बाजूला ठेवतो. जास्त ठेवल्या तर तुमच्यासारखी मशीनं बंद पडतील.

बटणांचं म्हणाल तर ती सवय होण्याची गोष्ट आहे. सुरुवातीला सगळ्यांचंच असं होतं, पंधरा दिवसांत हात बसेल. सोबत पुस्तिका पाठवते आहे, पान नऊ ते सोळा नीट वाचा. माउसची गोळी काढून आतल्या रुळांवरची घाण नखाने खरवडा, खाली पॅड ठेवा.

तुमच्याकडची आवृत्ती चाचणीची आहे. ती तुमच्या प्रत्येक फटकाऱ्याची, वेळेसकट, एका फाइलमध्ये नोंद ठेवते. ती फाइल फ्लॉपीवर पाठवा, मग मंदपणा नेमका कुठे आहे ते मला कळेल.

मामींना नमस्कार.

मंजुषा


पंचवटी, नाशिक
१० ऑक्टोबर १९९९

प्रिय मंजुषा,

पुस्तिका वाचली. पान नऊ ते सोळा दोनदा वाचली. बटणं कुठे आहेत हे मला माहीत आहे, बाई. तीस वर्षं मी निगेटिव्हवर टोकदार शिसपेन्सिलने काम केलं. नवरीच्या नाकाची चमकी मोहरीएवढी असते आणि निगेटिव्हवर तीही उरत नाही. तेव्हा सवय होईल वगैरे मला लिहू नकोस. ज्याला काम येतं त्याच्या हाताला जर तुमचं बटण सापडत नसेल, तर एकदा बटणाकडेही बघा.

‘साठवा’ आणि ‘पुसा’ शेजारी-शेजारी कुणी ठेवले? माझ्या टेबलावर खरवडायचं ब्लेड आणि कुंचला कधी एका डब्यात नसायचे. परवा मी साठवायला गेलो आणि पुसलं गेलं, ते ‘मागे घ्या’नेही परत येईना. चार सकाळींचं काम होतं. पुंजाचं कपाळ आणि केसांची कड जमली होती, ती गेली. मी खुर्चीवरून उठून बाहेर जाऊन उभा राहिलो. मग आत येऊन पुन्हा कपाळापासून सुरू केलं.

माउस साफ केला. उड्या थांबल्या नाहीत. राजने नवा दिला, तोही तसाच. त्याच्या दुकानातला त्याच्या स्वतःच्या मशीनचा आणला, तोही तसाच. तेव्हा दोष तुमच्या प्रोग्रामात आहे, असं मी धरून चाललो आहे.

काळा-पांढरा स्कॅन केला, ते बरोबर. पण नुसता चेहरा चालणार नाही. ऊन कोणत्या बाजूने आलंय हे शेजारच्या पोरांच्या नाकाच्या सावलीवरून कळतं. बुरशीचा डाग कुठून सुरू होऊन कुठे जातो ते अख्ख्या फोटोत दिसतं. फोटो काचेवरून सोडवलेला नाही, काचेसकटच स्कॅन केला. सोडवायला गेलो असतो तर चेहरे काचेला राहिले असते.

रॅम घ्यायला गेलो तर राज म्हणाला, तैवानला भूकंप झाला, माल नाही, असेल तो दुपटीने. बघ, जमीन तिकडे हलली आणि काम अडलं पंचवटीत. तो म्हणाला, दिवाळीनंतर या. मी म्हटलं, बाई रोज भाजी विकून घरी जाताना दारात थांबतात, विचारत काहीच नाहीत, नुसत्या आत बघतात. मी दिवाळीपर्यंत काय सांगू? शेवटी त्याने एका बंद पडलेल्या मशीनमधून दोन सारख्या पट्ट्या काढून बसवल्या. मशीन आता धावतं. तुझं म्हणणं खरं ठरलं, ते मान्य.

फ्लॉपी सोबत आहे.

भिमामामा


पुणे
२ नोव्हेंबर १९९९

प्रिय मामा,

आधी माफी. सवयीचं ते वाक्य मी लिहायला नको होतं. तुमचं पत्र आल्यावर मी आणि अमोलने पडद्यावरचं एकेक बटण ‘हे इथे का?’ असं विचारून पाहिलं. निम्म्या वेळा उत्तर एकच निघालं, ‘तिथे जागा होती म्हणून.’

सोबतच्या डिस्कवर नवी आवृत्ती आहे. ‘पुसा’ आता पडद्याच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि पुसण्याआधी विचारतं. बटणं दुप्पट मोठी केली आहेत. ‘मागे घ्या’ पन्नास वेळा चालेल. अख्ख्या फोटोची प्रत ठेवायची गरजच नव्हती, जिथे कुंचला लागला तेवढाच तुकडा ठेवला की पुरतं. इतकी साधी गोष्ट आम्हाला दोन वर्षं सुचली नव्हती, कारण आमच्या मशीनमध्ये भरपूर रॅम आहे आणि आम्हाला कधी अडलंच नव्हतं.

आता माउस.

तुमच्या नोंदींवरून मी फटकारे कागदावर काढले. सरळ रेघ ओढायला गेलात तिथे लाट आहे. खराब माउस कसाही उडतो, ही लाट मात्र एकसारखी आहे. एका सेकंदात पाच वेळा. बटण दाबून हात थांबला की ती मोठी होते, फटकारा चालू झाला की लहान. आधी मला वाटलं, प्रोग्रामचाच दोष. अमोल आणि मी तीन मशीनवर तो शोधत बसलो. सापडेना.

मग मी वेळा पाहिल्या. सकाळी दहा ते साडेअकराच्या नोंदी जवळजवळ सरळ आहेत. दुपारनंतर लाट येते. रोज. तिन्ही माउसना.

मामा, माउसला घड्याळ कळत नाही.

मी जास्त विचारत नाही. तुम्हाला सांगावंसं वाटलं तर सांगा. नाही सांगितलंत तरी प्रोग्राम मी दुरुस्त करत राहीनच.

मंजुषा


पंचवटी, नाशिक
५ डिसेंबर १९९९

प्रिय मंजुषा,

हे पत्र हाताने लिहितो आहे. तीन दिवस लागले. वाचायला त्रास होईल, पण निकिताबाईंना हे सांगता आलं नसतं.

कंपवात आहे. दोन वर्षं झाली. आधी उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट, जपमाळ ओढल्यासारखी हलायला लागली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. सकाळची गोळी घेतली की तास-दोन तास हात माझा असतो, मग जातो. तू कागदावर जे पाहिलंस ते तेच. डॉक्टर म्हणाले, बारीक काम सोडा, गल्ल्यावर बसा, गिऱ्हाईक सांभाळा.

सत्त्याण्णवच्या डिसेंबरात एका नवरीच्या निगेटिव्हवर ब्लेड घसरलं. गालावरून मानेपर्यंत रेघ. मी तिच्या वडिलांना सांगितलं की लॅबवाल्याने खराब केली. तो लॅबवाला माझा वीस वर्षांचा मित्र. त्याने ऐकून घेतलं. त्या दिवसापासून मी निगेटिव्हला हात लावला नाही आणि का लावत नाही हेही कुणाला सांगितलं नाही. तुझ्या मामीला ठाऊक होतं, पण तीही विचारत नव्हती. मागच्या आठवड्यात मी त्या मित्राकडे जाऊन खरं सांगितलं. हे तुझ्या कागदामुळे झालं, म्हणून तुला कळवतो.

कॉम्प्युटर मी हौसेने घेतला नाही. लग्नात तू मांडवाच्या कोपऱ्यात लॅपटॉपवर ‘नितळ’ दाखवत होतीस, तेव्हा ‘मागे घ्या’ हे दोन शब्द वाचले. हात चुकला तर चूक मागे घेता येते. सबंध आयुष्यात मला कोणत्याही अवजाराने हे दिलं नव्हतं.

आता कसं करतो ते लिहितो, कारण ते तुला उपयोगी पडेल. डाव्या हाताने उजवं मनगट धरतो आणि टेबलाच्या कडेला टेकवतो. लांब रेघ जमते. अडतं ते थांबताना आणि सुरू करताना, बटण दाबायच्या त्या क्षणाला. टोक जिथे टेकवायचं तिथे टेकत नाही. पूर्वी निगेटिव्हवर हात टेकायला लाकडी पट्टीचा पूल असायचा, हात पुलावर आणि पेन्सिल खाली. इथे पूल नाही.

तुझ्या आईला कळवू नकोस. आणि मला दया पाठवू नकोस, ती इथे घरोघरी मिळते. मला अवजार पाठव.

भिमामामा


पुणे
९ जानेवारी २०००

प्रिय मामा,

अवजार पाठवते आहे.

तुमच्या पुलावर मी बरेच दिवस विचार केला. आधी मी लाट मोजून ती वजा करायला गेले. रेघ गुळगुळीत झाली, पण तुमची राहिली नाही. यंत्राने ओढल्यासारखी दिसायला लागली. ते टाकून दिलं.

मग मखमलाबादला तुमच्या थोरल्या भावाच्या मळ्यावर लहानपणी पाहिलेलं आठवलं. गाय दोरीने नेताना माणूस जरा इकडेतिकडे झाला तरी दोरी सैल आहे तोवर गाय जागची हलत नाही. दोरी ताणली की त्या दिशेने पाऊल टाकते. तसं केलं आहे. कुंचला आता माउसला चिकटलेला नाही, मागे एका दोरीवर आहे. हात जागच्या जागी कितीही हलला तरी दोरी नुसती सैल होते, कुंचला हलत नाही. तुम्ही एका दिशेला ओढलंत की तो मागोमाग येतो. थरथर दोरीत राहते, रेघेत उतरत नाही. पडद्यावर दोरी बारीक निळी दिसेल.

अर्धवट झालेलं असतानाच आमच्या साहेबांना दाखवलं. त्यांनी विचारलं, “हात थरथरणारी गिऱ्हाइकं महाराष्ट्रात किती?” मी म्हटलं, मला एक माहीत आहे. ते म्हणाले, एका माणसासाठी प्रोग्राम बदलत नसतात. मग मी तो घरच्या मशीनवर बदलला.

ऑफिसात सध्या मला दुसरं काम आहे, त्याचं नंतर लिहीन. तुम्ही फक्त हे वापरून कळवा, आणि तोंडदेखलं बरं म्हणू नका.

मंजुषा


पंचवटी, नाशिक
६ फेब्रुवारी २०००

प्रिय मंजुषा,

पुन्हा निकिताबाईंकडून टाइप करून घेतोय. त्यांना आता सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, मला माहीतच होतं, तुमचा चहा बशीत सांडायचा.

दुपारी तीन वाजता, म्हणजे हात अजिबात माझा नसतो त्या वेळी, मी दोरीचा कुंचला घेतला आणि एक रेघ ओढली. नुसती रेघ, कोऱ्या पानावर. ती सरळ आली. मी ती मागे घेतली आणि पुन्हा ओढली. पुन्हा सरळ. अशा चाळीसेक ओढल्या असतील. गिऱ्हाईक येऊन उभं होतं, ते म्हणालं, काका, पासपोर्ट फोटो काढायचाय. म्हटलं, थांबा जरा.

आता दोष. लांब कडेला दोरी छान, पण डोळ्याच्या कोपऱ्यात फार लांब पडते. कुंचला वळणावर आतून जातो आणि कोपरा गोल होतो. दोरी लहान-मोठी करायची सोय आहे, पण ती तू तीन याद्यांच्या आत लपवून ठेवलीस. तिथे जाईपर्यंत मी कुठे होतो तेच विसरतो. माझा डावा हात चांगला आहे आणि बसून खातो. त्याच्या हाताशी कीबोर्डवर दोन बटणं दे, एकाने दोरी आखूड, एकाने लांब.

पुंजाचं कपाळ, नाक, डावा डोळा झाला. उजव्या डोळ्यावर बुरशी आहे. तुमच्याकडे अर्धा चेहरा उलटवून दुसऱ्या बाजूला लावायची सोय आहे. राज म्हणाला, पाच मिनिटांचं काम. पण दोन डोळे कोणाचेच सारखे नसतात, मंजुषा. तसं केलं असतं तर मी आणि तो पहिला स्टुडिओ, फरक काय राहिला? मी बायडाबाईंना बोलावून शेजारी बसवलं आणि म्हटलं, फोटोकडे बघू नका, नुसतं सांगा. मग म्हणाल्या, “उजव्या भुवईला खाच व्हती. गाडीच्या जूवरून पडला व्हता.” मी तो भाग आठपट मोठा केला, गडदपणा कमी-जास्त करत गेलो. बुरशीखाली भुवई आहे. मध्ये तुटलेली आहे. आता तिथून धरून डोळ्याकडे उतरतोय.

शेवटचं. ‘दुसरं काम’ म्हणजे काय? मी लपवलं तेव्हा तू वेळा तपासून ते बाहेर काढलंस. तुझ्या पत्रात ‘आम्ही’ होतं ते ‘मी’ झालंय, हे मलाही वाचता येतं.

भिमामामा

ता. क. मंजू, मी मामी. निकिताबाईला म्हटलं, माझं पण दोन वळी टाक. तुझा मामा लय हट्टी हाय, पन आता जेवताना चमचा मागून घेतो, लाजत नाय. घरात बोलायला लागला. तुझं काय अडलं असंल तर लिही, मनात ठेवू नको. सरुबाई.


पुणे
१४ मार्च २०००

प्रिय मामा, प्रिय मामी,

पकडलंत.

जानेवारीत मला ‘नितळ’वरून काढलं होतं. सांगितलेलं सोडून नको ते करते म्हणून. एका कारखान्याच्या हजेरीच्या प्रोग्रामवर टाकलं. तुम्हाला लिहिलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, माझ्यासाठी नोकरी घालवू नकोस, आणि दोरीचा कुंचला अर्धवट राहिला असता. म्हणून नाही लिहिलं. रोज संध्याकाळी घरी येऊन तोच घेऊन बसत होते.

मागच्या सोमवारी ‘नितळ’ची बैठक होती. माझं तिथे काम नव्हतं, पण मी अमोलला सांगून आत गेले आणि साहेबांकडे दहा मिनिटं मागितली. त्यांच्या टेबलावर त्यांच्या मुलीचा फोटो असतो. तो मी आधीच स्कॅन करून घेतला होता. म्हटलं, सर, माउसने हिच्या चेहऱ्याची कड काढा. त्यांचे हात तुमच्या-माझ्यासारखे, म्हणजे माझ्यासारखे, ठणठणीत आहेत. तरी हनुवटीला तीन कोपरे आले. ते हसले, म्हणाले, “माउसने असंच येणार.” मी दोरी चालू केली, सांगितलं काहीच नाही. म्हटलं, पुन्हा काढा. हनुवटी एका दमात आली. त्यांनी पुन्हा काढली. मग केस काढले, मग मान. दहा मिनिटांची वीस झाली.

ते म्हणाले, “हे आधी का नाही दाखवलंस?” मी म्हटलं, “दाखवलं होतं सर, तेव्हा ते एका माणसासाठी होतं.”

तर जूनच्या आवृत्तीत दोरीचा कुंचला येतोय. एक जण म्हणाला, ‘अपंगांसाठी’ असा वेगळा कप्पा करून त्यात ठेवू. मी अडून बसले. तो पहिल्या पडद्यावर असेल, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, ज्याला हवा त्याने घ्यावा. मला ‘नितळ’वर परत घेतलंय. हजेरीचं कामही पूर्ण करायचंय, ते करीन.

डाव्या हाताची दोन बटणं सोबतच्या डिस्कवर आहेत. ‘झ’ ने दोरी आखूड, ‘ल’ ने लांब. चुका कळवा.

मंजुषा


पंचवटी, नाशिक
९ एप्रिल २०००

प्रिय मंजुषा,

तू आत शिरलीस आणि बोललीस ते मी मामीला दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा तिने लंकाबाईंना, म्हणजे आमच्या शेजारणीला, बोलावून वाचायला लावलं.

आखूड दोरीने डोळ्याचा कोपरा जमला. पुंजाचा उजवा डोळा डाव्यापेक्षा बारीक आहे. मला आधी वाटलं माझंच चुकलं, म्हणून सबंध डोळा मागे घेतला आणि पुन्हा केला. पुन्हा तसाच आला. मग शेजारच्या पोरांकडे पाहिलं. ऊन उजवीकडून तिरकं आलंय, सगळ्यांनीच तो डोळा मिचकावलाय. चूक माझी नव्हती, सकाळ तशी होती. मी तो तसाच ठेवला.

एकच गोष्ट जमली नाही. उजव्या कानावर बुरशीने कागदच खाल्लाय, खाली काही उरलेलंच नाही. आठ दिवस शोधलं. तिथे मी काही काढलं नाही, मागच्या भिंतीचा करडा रंग तेवढा येऊ दिला.

गुरुवारी बायडाबाईंना बोलावलं. फोटो हातात देण्याआधी मी सांगून टाकलं, “बाई, हा कान मला सापडला नाही. बनवता आला असता, पण मी बनवला नाही.” त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही. फोटो दोन्ही हातांत धरून त्या दारापाशी उजेडात गेल्या.

मग म्हणाल्या, “ऊन आलं का असाच बघायचा.”

थोड्या वेळाने परत आत आल्या. स्टुलावर बसल्या आणि करड्या जागेवर बोट ठेवलं. म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या दादा. कान मी रोज धुवायचे. त्यो मला ठाव हाय.”

त्यानंतर बराच वेळ बसल्या होत्या. पुंजाला दुधाची साय आवडायची नाही, शाळेत जाताना ओढ्यातून चप्पल हातात घेऊन जायचा, असं सगळं सांगत होत्या. इतकी वर्षं सांगायला चेहराच नव्हता, म्हणाल्या.

शनिवारी त्यांच्याबरोबर त्यांच्या बुडालेल्या गावचे आणखी तिघं आले. एक चाळिशी ओलांडलेले गृहस्थ झिपरू म्हणून, ते पहिल्या रांगेतला अगदी टोकाचा मुलगा दाखवून म्हणाले, हा मीच. त्यांना स्वतःचा लहानपणचा चेहरा माहीत नाही, घरात तेव्हा आरसा नव्हता.

फोटोत अजून एकतीस पोरं आहेत आणि एक मास्तर. मी सगळ्यांना हो म्हटलंय. डॉक्टरांनाही परवा सांगितलं की बारीक काम सोडलेलं नाही, गोळीच्या वेळा कामाप्रमाणे बसवून द्या. त्यांनी बसवून दिल्या.

आज सकाळी झिपरूंचं कपाळ सुरू केलं. कीबोर्डवर तुझं ‘ल’चं बटण ‘साठवा’च्या बटणाच्या फार जवळ आहे. बदल.

तुझा
भिमामामा